आमुशाचं चाक

परवा लग्नाच्या मांडवात कुणीतरी म्हणलं, "आश्रुबाला सायकलीचा लय शौक होता बरं का." आन चार जणायनं माना डोलावल्या. माज्या हातात पाण्याचा तांब्या होता. वाटलं, हाणावा तसाच फेकून. शौक म्हणे! अरे, शौक तुमच्यासारख्याला, ज्याच्या दारात गाडी हाय, गोठ्यात बैल हायत आन घरात बायको जित्ती हाय. माज्या भावानं सायकल शौकानं धरली न्हाई. रागानं धरली आन रागानंच चालवली. तो राग कशाचा, ते त्या मांडवातल्या पोरासोरायला माहीत न्हाई, आन ज्या म्हाताऱ्यायला माहीत हाय ते खाली मान घालून भजे खात बसले होते. म्हून मी सांगते. मी भिवराबाई, आश्रुबाची धाकटी बहीण.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अंगाला. आमी धनगर. आबा, म्हणजे आमचा बाप येडबा, दादा आन मी, समदे मेंढरामागं. शेत न्हाई, बैल न्हाई, गाडी न्हाई. सुगी झाली की शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. त्याच्या रानाला खत व्हायचं, आमाला जवारी मिळायची. एक रान झालं की दुसरं. वर्सभर असंच. मेंढरं बसवायला रान मिळालं न्हाई तर आमी खायचं काय, दगडं?

आन गावचा एक रिवाज होता. आमुशा आली की बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं न्हाई. औत न्हाई, गाडी न्हाई, मोट न्हाई. मुक्या जनावराला महिन्यातून एक दिस सुट्टी. चांगलंच हाय की, त्याला कोण नाव ठेवतंय? पण माणसाच्या दुखण्याला आमुशा-पुनव कळत नसती, एवढं साधं डोस्कं गावाला नगं का?

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या सालचा पोळा. पोळा म्हणजे आमुशाचीबी आमुशा. आदल्या दिवशी बैलायचे खांदे लोण्या-हळदीनं चोळले होते. शिंगं रंगवली, बेगड लावली, झुली घातल्या. आन आमच्या घरात केवळावहिनी, दादाची बायको, दिस उगवायच्या आधीपासून तळमळायली होती. पहिलंच बाळंतपण. माज्यापेक्षा चार-पाच वर्सानं मोठी असंल, माजी मैतरीणच ती. कडूबाई सुईण आली, तिनं पोटावरून हात फिरवला आन तिचं तोंडच उतरलं. म्हणली, "लेकरू आडवं हाय. हे माज्या हातचं न्हाई. गाडी जुंपा आन जिंतूरच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

जिंतूर पाच कोस. दादा पळतच दिनकररावाच्या वाड्यावर गेला. गावात सगळ्यात जास्ती जमीन त्याची, पोळ्याला मानाची जोडी त्याची. मीबी मागं पळाले. अंगणात दोन जोड्या सजवून उभ्या होत्या. दादानं पायावर डोकं ठेवलं. "मालक, गाडी द्या. बायको मरायली."

दिनकरराव वाईट माणूस न्हवता, हे आधी सांगते. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, मी बगितलं. पण तोंडातून काय आलं? "आश्रुबा, येडा का खुळा तू? आज पोळा हाय. आजच्या दिवशी बैलाला साधी शिवी देत न्हाईत आन तू जू ठेवायचं म्हणतूस? सांजच्याला पोळा फुटू दे, पूजा होऊ दे, मग बगू. घटकाभरानं काय होतंय?"

मग व्यंकटरावाच्या घरी. तेच. मग अंगदच्या, मग दत्तरावाच्या. तेच, तेच. गावात बैलायची नुसती दाटी झालेली, जिकडं बघावं तिकडं घुंगरं वाजायलीत, आन माज्या वहिनीला न्यायला एक जोडी न्हाई! मी त्यायच्या दारात उभी राहून ओरडले होते, "आरं, बैलाला जेवायचं आवतण देता, माणसाला गाडी देत न्हाई व्हय?" एका म्हातारीनं मला चापट मारली. पोळ्याच्या दिवशी अभद्र बोलती म्हणून.

शेवटी आमीच बाजंवर टाकलं तिला. पुढून दादा, मागून आबा. चार खांदे लागतात बाजंला, पण गडीमाणसं समदी बैल धरून उभी. "पोळा फुटला की येतो रे मागून," म्हणले. आबा म्हातारा, दर शेताला बाज खाली ठेवावी लागायची. मी तिचा हात धरून पळायली होते. तिनं मला इचारलं, "गाडी आली का गं?" मी म्हणलं, "यायली, मागून यायली." वढ्याच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली बाज ठेवली, तवा ती पुन्हा इचारायला लागली आन मधीच थांबली. गावाकडून हलग्याचा आवाज यायला होता. लेकरूबी पोटातच गेलं.

तिसऱ्या दिवशी दिनकरराव बसायला आला. समद्या गावासमोर म्हणला, "आमी गाडी दिली असती रे, पण दिवसच तसला." आन लोकं म्हणाले, "व्हय, दिवसच तसला." दिवसाला नाव ठेवून मोकळे झाले सगळे! माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा मात्र नुस्ता त्यायच्या पायातल्या जोड्याकडं बगत बसला.

दुसरं लगीन कर म्हणून आबा मागं लागला. त्यानं केलं न्हाई. सालभर मेंढरामागं फिरायचा, तोंडातून आवाज म्हणून काढायचा तो मेंढरासाठीच. मग एक दिवस गिरदावर आला, जमिनीची मोजणी तपासायला. तो सायकलीवर यायचा. दादा बांधावर उभा होता. त्या दिवशी आमुशा होती, गावातली एकबी गाडी हाललेली न्हवती, आन हा गिरदावर घंटी वाजवत चारठाण्याहून आला. दादा पुढं झाला. मुक्यागत फिरणारा माझा भाऊ सरकारी माणसाला इचारतो, "साहेब, ही आमुशालाबी चालती का?"

गिरदावर हसून हसून लाल झाला. "अरे, ये पाँव से चलती, चाँद से थोडीच चलती!"

त्याला गंमत वाटली. दादाला वाटली न्हाई. घरी आला आन सगळ्यात तगडा एडका कासऱ्यानं बांधून बाजूला काढला. गिरदावराची बदली व्हायली होती, सामान इकायला काढलं होतं. एडका आन आबानं स्वतः इणलेली घोंगडी देऊन दादा सायकल घेऊन आला. आबानं कपाळावर हात मारून घेतला. "जित्तं जनावर देऊन लोखंड आणलंस? ह्याला लोकर येती का? हे पिल्लू देतंय का?" दादा म्हणला, "आबा, ह्याला रिवाज न्हाई."

आता तीस वर्साचा गडी सायकल शिकायला निघाला म्हणल्यावर गावाला फुकटचा तमाशाच झाला की. मेंढरं बुजायची, धोतर चैनीत अडकायचं, दादा बाभळीच्या काट्यात जाऊन पडायचा. पारावरचे रिकामटेकडे ओरडायचे, "आरं धनगरा, लगाम वढ लगाम!" मी काटे काढायला बसायची सांजच्याला. रक्त यायचं, मी शिव्या घालायची पारावरच्यायला, आन दादा म्हणायचा, "भिवरे, हळू काढ आन गप बस." आधी नुसती चालवली. मग मागं कॅरेजवर जवारीचं पोतं बांधून चालवली. मग मला बसवलं. कॅरेजवर त्यानं एक फळी ठोकली, पाठीला टेकायला बांबूची चौकट केली, त्यावर घोंगडी. मला म्हणायचा, "डोळे मीट. अंग ढिलं सोड. बेसूद असल्यावानी बस." आन मला तसं बसवून वढ्यापर्यंत न्यायचा, परत आणायचा. खड्ड्यात चाक गेलं की इचारायचा, "पोटात हिसका बसला का?" मी न्हाई म्हणलं की अजून एक फेरी.

ज्याला शौक म्हणता ना, तो हा.

तेव्हापासून आमुशाला दादा मेंढरामागं जात नसे. आबा जायचा. दादा घरी, सायकल भिंतीला, चाकात हवा टाइट. पयला आला लिंबाजी, सालगडी होता व्यंकटरावाचा. हिरीत उतरताना पडला आन मांडीचं हाड मोडलं. आमुशा होती. व्यंकटराव म्हणला, उद्या सकाळी गाडी जुंपतो. लिंबाजी ओरडायला लागला म्हून त्याची बायको आमच्या दारात आली. दादा उठलाच. लिंबाजीला बांधलं फळीवर, पाय काठीला बांधला आन जिंतूरला. पुढं कुणाला इंचू, कुणाला हगवण, कुणाचं तापानं फणफणलेलं लेकरू. आमुशा सोडून इतर दिवशीबी बोलावायचे लोक, जायचा. पण आमुशाला तो घर सोडून दुसरीकडं कुणाच्या बापाला सापडायचा न्हाई. लोकं दारात यायचे, सायकल मागायचे, बरे व्हायचे, आन पारावर जाऊन पुन्हा हसायचे. धनगराची लोखंडी घोडी म्हणायचे.

मग काय झालं, व्यंकटरावाचा एक बैल बसला. म्हातारा बैल, हाडं मोजून घ्या अशी अवस्था, बसला तो उठलाच न्हाई. आता म्हातारा बैल बसणार न्हाई तर काय नाचणार? पण त्याच्या आदल्या दिवशी आमुशा होती आन दादाची सायकल व्यंकटरावाच्या दारावरून गेली होती. झालं! पारावर बसले सगळे शहाणे. दिनकरराव मधी. दादाला बोलावलं. "आश्रुबा, आमुशाला गावात चाक फिरवायचं न्हाई."

दादा म्हणला, "मालक, रिवाज बैलाच्या जुवाचा हाय. सायकलीला बैल कुठंय?"

"चाक तर हाय ना? चाक ते चाक. आमुशाला चाक फिरलं म्हून बैलाला बाधलं."

सांगा, काय बोलावं ह्या अकलेला! गिरणीचं चाक फिरायचं, रहाट फिरायचा, कुंभाराचं फिरायचं, ते कुणाला दिसलं न्हाई. दिसलं ते फक्त धनगराचं! मी मधी तोंड घातलं तर दिनकरराव म्हणला, "येडबा, पोरीला आवर." आबानं मला आवरलं. मेंढरं त्यायच्या रानात बसायची ना, काय करणार बिचारा.

मग माज्या भावानं काय केलं असंल? आमुशाला कुणी आजारी आलं की हा बाबा सायकल खांद्यावर घ्यायचा. आख्खी सायकल, फळीसकट! आमची वस्ती गावाच्या ह्या टोकाला, जिंतूरची वाट त्या टोकाला, मधी सगळं गाव आन वेस. खांद्यावर सायकल घेऊन हा पुढं, आजारी माणूस चालत न्हाईतर कुणाच्या पाठीवर मागं. वेशीच्या भाईर गेलं की सायकल खाली ठेवायची आन निघायचं. चाक गावात फिरलं न्हाई, रिवाज राहिला! पारावरच्यायला ह्यातबी काही वाटायचं न्हाई. उलट म्हणायचे, "शहाणं झालं धनगर." तीन-चार वर्सं असंच चाललं. त्याच्या खांद्यावर दांडीचा काळा वळ पडला होता, बैलाच्या मानेवर जुवाचा पडतो तसा. बैलाला आमुशाची सुट्टी, माज्या भावाला न्हाई.

तवर माजं लगीन झालं होतं. मला सोनपेठकडं दिलं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सासूनं तिथंच थांब म्हणलं होतं, पण रीतच माहेराची. आन दिवस भरले ते नेमके कधी? पोळ्याला.

सकाळपासून कळा. कडूबाई आली, आता लय थकली होती. तिनं हात फिरवला आन दादाकडं बगितलं.  तिला बोलायची गरजच पडली न्हाई. दादानं घोंगडी फळीवर टाकली. आबा भिंतीला धरून उभा राहिला. "आश्रुबा, आज पोळा हाय रं. सगळं गाव वेशीत उभं हाय. खांद्यावर घे सायकल, मी भिवराला उचलतो." मी उभी राहिले आन जिथल्या तिथं बसले. चालणं सोडा, मला श्वास घेता येत न्हवता. आबाच्यानं मी काय उचलली जाते?

दादानं मला फळीवर बसवलं, पटक्यानं कंबरेला बांधलं आन सायकल घरातूनच, उंबऱ्यापासून, चाकावर काढली.

खोटं कशाला बोलू, मला त्या वेळेला लेकराचं भ्या न्हवतं वाटत. मला वाटायलं होतं, वढ्यापाशी थांबू नये. बस्स, वढ्यापाशी थांबू नये.

वेशीत तोरण बांधलेलं. आंब्याची पानं, नारळ, आडवं सुंभ. तोरणाच्या आत समद्या जोड्या उभ्या, सगळ्यात पुढं दिनकररावाची. मुहूर्ताची वाट बगायलेले. पोळ्याची रीत अशी की मानाच्या जोडीनं तोरण तोडायचं, मग बाकीचे बैल मागून पळायचे. हलग्या थांबल्या. लोकं बाजूला सरकले न्हाईत, नुस्ते बगत राहिले.

दिनकरराव पुढं आला. "आश्रुबा! चाक खाली लागलंय."

"बहिणीला चालता येत न्हाई, मालक."

"मग थांब. मुहूर्त हाय. घटकाभरात तोरण तुटतंय, मग जा."

दादाचा आवाज मी तसा कधी ऐकला न्हवता आधी. ओरडला न्हाई. म्हणला, "माज्या बायकोच्या येळंलाबी घटकाभरच होती, मालक." आन पायडल मारलं.

मी त्याच्या पाठीला डोकं लावून घट्ट डोळे मिटले होते. मला फक्त आवाज आले. घंटी, बायकांचा गलका, कुणीतरी "धरा धरा" ओरडलं. तोरण बैलायच्या शिंगाच्या उंचीलाच होतं. ते त्याच्या छातीवर आलं, ताणलं आन तुटलं. आता बैलायला काय माहीत कुणी तोडलं? त्यायला दर साली शिकवलेलं, तोरण तुटलं की पळायचं. पळाले की! सगळे बैल घुंगरं वाजवत आमच्या मागं. मानाची जोडी कुठल्या कुठं मागं राहिली आन शेंबड्या गोऱ्ह्यायनीबी पोळा फोडला. मला कळा यायल्या होत्या आन मी हसायली होते. खरं सांगते, रडत होते आन हसायली होते.

वढ्यापाशी दादानं पाय टेकला न्हाई. चढाला उभं राहून पायडल मारलं, त्याच्या घामाचं पाणी माज्या तोंडावर यायचं. जिंतूरला दवाखान्यात नर्सबाईनं मला बगितलं आन आतच ओढलं. रात चढायच्या आत पोरगी झाली. जित्ती, रडकी, मूठ वळलेली. दादाला आत बोलावलं तर तो आलाच न्हाई लवकर. भाईर पायरीवर बसून होता म्हणे, सायकलीच्या चाकाला डोकं टेकून.

गावानं काय केलं? पेढे वाटले असतील, न्हाई का? गावानं बैठक बसवली. पोळ्याचा मान गेला, आमुशा बाटली, सगळं त्याच्यावर. दिनकररावानं आबाला सांगितलं, "सायकल गावाभाईर टाकून दे, न्हाईतर ह्या गावात कुणाच्याबी रानात तुजी मेंढरं बसणार न्हाईत."

आबा घरी येऊन रडला. म्हणला, "पोरा, मी तुज्या पाया पडतो. मेंढरं म्हणजे आपलं घर हाय. लोखंड इकून टाक." दादा मग म्हणला, "आबा, मेंढरं पुन्हा घेता येतील." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, ते आमाला दोघायलाबी ऐकू आलं. आबानं मग हट्ट केला न्हाई.

वाट बगितली पंधरा-वीस दिस. म्हणलं, कुणीतरी म्हणंल, माज्या रानात बसव. लिंबाजीसारख्याला रानच न्हाई, तो काय म्हणणार. ज्यायला रान होतं, ज्यायची लेकरं त्या फळीवर बसून जिंतूरला जाऊन आली होती, ते रस्त्यानं दिसलो की दुसरीकडं बगायचे. शेवटी मेंढरं बाजारात गेली. आबानं म्होरकी मेंढी शेवटपर्यंत सोडली न्हाई, तिच्या गळ्यात हात घालून बसला बाजारात. चार शेरडं तेवढी राहिली. दादा त्यायचं दूध सायकलीवर जिंतूरच्या हाटेलात घालायला लागला.

दिवाळी आली. त्याच आठवड्यात आमचं हैद्राबाद राज्य मोडलं आन आमी मुंबईच्या राज्यात गेलो म्हणे. चावडीवर झेंडा लावला, गूळ वाटला. राज्य बदललं पण आमुशा तीच. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी पोरीला न्हाऊ घालायली होते आन आमच्या अंगणात कोण उभं? दिनकरराव. डोक्याला पटका न्हाई, पायात जोडा न्हाई. काखेत नातू, चार-पाच वर्साचा, बन्सीधर. पोराचा गळा असा सुजलेला, ओठ निळे, श्वास घेताना शिट्टीगत आवाज.

"आश्रुबा, सायकल हाय का?"

मी पोरीला तशीच वल्ली उचलून उभी राहिले. म्हणलं, "कामून? तुमच्या गोठ्यातले बैल काय मेले?"

आन तो माणूस, देवाशप्पथ, सरळ तोंडानं मला म्हणतो, "आज आमुशा हाय की गं बाई."

 आमची मेंढरं गेली, आबा अंथरुणाला लागला, ते ह्याच्या आमुशापायी. आन आता स्वतःचा नातू मरायला टेकला तरी ह्याला बैल जुंपायचं सुचत न्हाई, आमची सायकल सुचती! मी लय बोलले. काय काय बोलले ते आता इथं सांगण्यासारखं न्हाई. दिनकरराव खाली मान घालून ऐकत उभा होता. माझं बोलणं चालूच होतं, आन मागं बगते तर दादानं घोंगडी फळीवर टाकलेली.

"बसा, मालक," म्हणला. "पोराला मांडीवर आडवं धरा. मान वर ठेवा त्याची."

बसला. मानाच्या जोडीचा मालक धनगराच्या कॅरेजवर बसला, आन सायकल गावाच्या मधून, पारावरून, व्यंकटरावाच्या दारावरून, वेशीतून चाकावर गेली. आमुशा होती. कुणी चाक धरलं न्हाई. कुणाचा बैल बसला न्हाई.

पोरगा वाचला. दोन-तीन दिवसांनी दिनकरराव आमच्या दारात आला, ह्या येळंला पटका बांधून. बरोबर गूळ, नारळ, माज्या पोरीला अंगडं. म्हणला, "आश्रुबा, तू माजा वंश वाचवलास. उद्यापासून तुजी मेंढरं माज्या रानात बसव. समद्याच्या आधी माज्या रानात."

दादा म्हणला, "मेंढरं कुठं हायत आता, मालक?"

 दिनकररावाला आठवलंच न्हवतं! मग म्हणला, "मग दुसरं काय पायजे ते माग. मी न्हाई म्हणणार न्हाई."

 मला वाटलं, दादा मागतो आता जमीन, न्हाईतर मेंढरं. मागायलाच पायजे होतं, मी तर म्हणते आख्खं रान मागायला पायजे होतं. पण तो म्हणला, "मालक, माजे गुडघे आता दुखतात. मला ही सायकल सोडायची हाय. आमुशाला कुणी आजारी पडलं तर तुमी गाडी जुंपत जावा. तुमी जुंपली की गाव जुंपंल. येवढंच द्या."

दिनकररावानं गूळ आन नारळ उंबऱ्यावर ठेवले.  म्हणला, "ते सोडून काहीबी माग, आश्रुबा. ते माज्या हातात न्हाई. रिवाज हाय."

हातात न्हाई! बैल त्याचे, गाडी त्याची, जू त्याचं, ज्या पोराला त्या सायकलीनं नेलं ते पोरबी त्याच्याच घरचं, आन त्याच्या हातात न्हाई! मी तो नारळ उचलला आन अंगणात आपटला. माजा राग त्या दिवशीचा आज म्हातारपणीबी तेवढाच हाय.

 दिनकरराव गेल्यावर दादानं भिंतीला लावलेल्या सायकलीचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बगितलं. हवा कमी होती. तो पंप आणायला घरात गेला.